ऐकू येत नाही

केमी, जानेवारी, उणे सव्वीस.
शटर उघडलं की आधी गारठा आत येतो,
मग गाडी, मग गाडीतून ओइवा पेल्तारी,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कानटोपी न काढता.

डॅशबोर्डवर एबीएसच्या दिव्यावर
त्याने काळी चिकटपट्टी लावलीय.
"रात्री डोळ्यांत जातो."
रायली काही बोलत नाही.
तिच्या न बोलण्याचे प्रकार मला आता ओळखू येतात,
तिच्या हाताखाली हे माझं दुसरं वर्ष.

स्कॅनर म्हणतो: पुढचं उजवं चाक, सिग्नल नाही.
बिलं त्याने आणलीत, खाकी पाकिटात, तारखेवार.
नोव्हेंबरात नवा सेन्सर.
डिसेंबरात त्या नव्याच्या जागी आणखी नवा.
नाताळानंतर कुणी म्हणालं, कंट्रोलरच बदला.
रोग हाल्याला, औषध पखालीला.

"दिवा लागतो कधी?"
ओइवा आठवून बघतो.
"दुकानाच्या आवारातून बाहेर पडताना. जाताना कधीच नाही."
आणि मागच्या मंगळवारी दिवा लागलेला असताना
त्याने बर्फावर ब्रेक दाबला,
चाकं जागच्या जागी थिजली
आणि गाडी हळू, अगदी सभ्यपणे
ग्रंथालयाच्या कुंपणात जाऊन बसली.

रायली कंट्रोलरचा प्लग सोडवते.
दोन पिना, मीटरच्या दोन सुया.
अकराशे ओहम. निर्दोष.
मला वाटतं, संपलं, आता कंट्रोलरच.
"स्टिअरिंग फिरव."
उजवीकडे: अकराशे.
सरळ: अकराशे.
डावीकडे, पार टोकापर्यंत,
आणि आकडे गेले.
परत सरळ. आकडे आले,
जसे काही कुठे गेलेच नव्हते.

"दुकानातून निघताना डावीकडे वळावं लागतं ना?"
ओइवा मान हलवतो. कानटोपीचे कान हलतात.

मग ती चाकाच्या कमानीखाली आडवी होते
आणि वायर बोटांत धरून, तसूतसूने वाकवत जाते.
मी वर, मीटरकडे बघत.
"आहे. आहे. आहे. गेलं."
स्ट्रटवरच्या क्लिपपाशी, चार बोटं अलीकडे.
वरून काळं रबर तुकतुकीत, एक ओरखडा नाही.
तिने ब्लेड फिरवलं तर आत
तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी होती.
रस्त्यावरचं मीठ कुठून शिरलं कुणास ठाऊक.

ओइवा चष्मा पुसून ती भुकटी बघतो, बराच वेळ.
बर्फफोड्या जहाजावर तो एकतीस वर्षं
रेडिओवर होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.
"कुणी उत्तर देईना झालं," तो म्हणाला,
"की वहीत लिहायचं: ऐकू येत नाही.
एका पोराने एकदा लिहिलं, बुडाले.
कप्तानाने त्याच्याकडून ते पान पुन्हा लिहून घेतलं."
"आणि जहाज?"
"अँटेनावर बर्फ साचला होता. दुसऱ्या दिवशी
त्यांनी आमच्याकडे कॉफी मागितली."

मीटरभर वायर, दोन जोड, वर गरम करून आवळलेली नळी.
पाऊण तासाची मजुरी.
सेन्सरचे पैसे गेले ते गेलेच.

रायलीने नखाने चिकटपट्टी सोलली, किल्ली फिरवली.
दिवा लागला.
ओइवा दचकला.
"आधी लागायलाच हवा," ती म्हणाली. "मग विझायला हवा.
लागलाच नाही तर मात्र माझ्याकडे या."
एक, दोन, तीन. विझला.

मागच्या गोठलेल्या आवारात त्याने स्वतः ब्रेक दाबला.
पेडल पायाखाली थरथरलं, खडखडलं,
गाडी सरळ थांबली.
काच खाली करून तो ओरडून काहीतरी म्हणाला,
पण पंख्याच्या आवाजात
आम्हाला ते ऐकू आलं नाही.