दिवा कुणाचा

होनिआराहून रात्रभर बोटीने आलेल्या अधिकाऱ्याने
चर्चच्या ओट्यावर कायद्याची प्रत उघडली, म्हणाला,
बाई, तुम्ही शाळेत शिकवता,
यांच्या बोलीत सांगा.

आमच्याकडे अंधार
दार आपटल्यासारखा पडतो.
फिइसुआने घरून दिवा आणून माझ्यापुढे ठेवला,
सूर्यावर चालणारा,
पाठीवरच्या तबकडीला उमेदवाराचं हसू चिकटलेलं,
अजून न खरवडलेलं.
त्या उजेडात मी वाचू लागले.

मतासाठी देणारा गुन्हेगार.
लोक हसले, कुणी टाळीही वाजवली.

मतासाठी घेणाराही.
इथे मी अडखळले.
आमच्या बोलीत लाचेला शब्द नाही.
देणं आहे.
सोयरीक जुळली की शंखमण्यांच्या माळा देतात,
भांडण मिटलं की डुक्कर.
घेतलं की नातं लागतं,
नाही घेतलं की वैर.
शेवटी म्हटलं, तोंड बंद करणारं देणं.
मागून म्हातारी अबुओफा म्हणाली,
माझ्या तोंडात सुपारी आहे, त्यात आणखी काय मावणार?

अधिकारी वहीत लिहीत होता.
त्याच दिव्याच्या उजेडात.

ओइकालीने विचारलं, घरावरचा पत्रा परत करायचा का?
चार वर्षांत एकदा तो येतो.
रस्ता येत नाही, नर्स येत नाही,
तो येतो, आणि रिकाम्या हाताने येत नाही.
दंड किती?
अधिकाऱ्याने आकडा सांगितला.
लोकांनी बोटांवर मोजला: खोबऱ्याच्या नव्वद गोणी.
आणि त्याला?
तेवढाच.

तेवढाच
हा शब्द बराच वेळ ओट्यावर पडून राहिला,
कुणी उचलला नाही.

खाल्ल्या मिठाला जागा,
असं त्याचा माणूस दिवे वाटताना सांगून गेला होता.
मीठ!
चहूकडून समुद्राने वेढलेल्या माणसांना.

सभा संपली. फिइसुआने दिवा उचलला,
मग जरा थांबून अधिकाऱ्याला विचारलं,
बोटीपर्यंत सोडायला येऊ? वाट निसरडी आहे.
तो क्षणभर गप्प राहिला.
मग दिव्यामागे चालू लागला.

माझ्या खाटेखालीही तसाच एक आहे,
हे मी त्या रात्री कुणाला सांगितलं नाही.
मुलगी त्याच्याजवळ बसून भागाकार करते.
बाकी काय राहिली, विचारते.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशात
पेन्सिल दोरीने बांधून ठेवलेली.
दोरी आखूड होती, वाकावं लागलं.
खूण कुठे केली ते सांगणार नाही.
सगळ्या कायद्यातलं तेवढंच एक कलम
मला न वाचता येतं.

घरी आले
तर मुलीने दिवा अंगणात, भर उन्हात
पालथा घालून ठेवलेला,
तबकडी आभाळाकडे,
हसू नखाने अर्धं खरवडलेलं.
रात्रीची तयारी.