तुटलेलं आतडं

विजापूर वेशीतून थर्मासमध्ये आणलेलं
कोंबडीचं बोटभर आतडं
नरसय्या दोऱ्याने बांधतो. मागावरचीच गाठ;
गिरणी गेली, बोटांत तेवढी राहिली.

सदतीस अंश. बुडबुडे.
थेंबभर अ‍ॅसिटिलकोलिन,
आणि काजळीच्या कागदावर लेखणी उसळते.
अ‍ॅड्रेनलिन टाकलं की आडवी.
आधी अ‍ॅट्रोपिन दिलं असेल, तर मग
कितीही हाका मारा.

"डोकं नाही, धड नाही, तरी बघा सर," तो म्हणतो,
"ओळखतंय."

वर तिसऱ्या मजल्यावर, टाके घातलेली,
मॉर्फिनखाली त्याची लच्चव्वा.
चार दिवस पोट मुकं.
डॉक्टर नळी लावतात, ऐकतात, काही बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी नरसय्या उशिरा आला.
"वाजलं," म्हणाला, जरा लाजून,
आणि ड्रमवर कोरा कागद गुंडाळून
काजळी धरायला बसला.