शनिवारचा द्राक्षरस

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जाड काचेत
एक छोटं फिरतं कपाट आहे.
आपण पैसे ठेवायचे, आतून कोणीतरी ते फिरवतं,
आणि पैशांच्या जागी दूध येतं,
सिगारेट येते, सुटे डायपर, दोन-दोन.
आज माझ्यासाठी द्राक्षरसाची बाटली आली
आणि खाऱ्या बिस्किटांचा पुडा.
"चर्च?" पलीकडून मिस्टर पे विचारतात.
"चर्च."
सतरा वर्षं बॉल्टिमोरच्या या गल्लीत
आमचं एवढंच बोलणं.
काचेला तीन चिरा आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या.
मधली माझ्या ओमारीच्या वेळची.

बाहेर जरेल उभा. हुडीत तोंड बुडवून.
दुसरीत होता तेव्हा रविवारच्या शाळेत
मी त्याला तारवातला जिराफ रंगवायला दिला,
त्यानं अख्खा काळा केला.
"रात्र आहे ना, मिस ओडेसा."
आता तो इथे काय विकतो ते मला माहीत आहे,
मला माहीत आहे हे त्यालाही.
त्याचा भाऊ आत आहे,
त्या मधल्या चिरेसाठी.

"जड आहे. द्या इकडे."

मी दिली.
बंद घरांच्या फळ्या मारलेल्या खिडक्यांवरून,
खांबाला बांधलेल्या, वारा गेलेल्या फुग्यांवरून
आम्ही चालत गेलो.
"ही वाईन असते का?"
"उद्या अकरापर्यंत रसच."
तो हसला. भावासारखाच हसतो मेला.

आमचं चर्च पूर्वी लाँड्री होतं.
पाटी उतरवायला पैसे नव्हते,
अजून आहे: चोवीस तास उघडे.
खोटं आहे. नऊला कुलूप लागतं.

एक गोष्ट पाळकांनाही सांगितलेली नाही:
सगळे मिळून प्रार्थना म्हणतात ना,
ती ऋण सोडण्याची ओळ आली
की मी नुसते ओठ हलवते.
सहा वर्षं.
देवाला ऐकू येत असेल ती गप्प जागा.

जरेल उंबऱ्यावर थांबला. आत येत नाही तो.
मी पुडा फोडला. दोन बिस्किटं पुढे केली.
"अजून नुसतीच बिस्किटं आहेत. खा."
त्यानं खाल्ली, उभ्यानंच, घाईत,
जेवला नसावा सकाळपासून.
कॅमेऱ्याचा निळा दिवा त्याच्या गालावरून
फिरत राहिला.
हुडीवरचा चुरा त्यानं झटकला
आणि गेला, परत त्याच कोपऱ्यावर.

आत मी इवलेसे पेले मांडले,
पुसले, पुन्हा मांडले.
नऊ वाजून गेले होते.
किल्ली हातात होती.