जुनी उधारी, नग एक

गोळीबार चौकातल्या नऊ बाय बाराच्या दुकानात
पुतणी प्रणोती तागडीशेजारी लॅपटॉप ठेवते,
ओढणी नाकाला लावून विचारते,
"काका, वजनं काय काय लिहू?"

मी म्हणतो, लिही : एका भाजीपुरता,
पाव्हण्यांपुरता, तेरवीपुरता.
"असं नाही चालत जी. ग्रॅम सांगा."
बत्तीस वर्षं माणूस पाहून पुडी बांधली.
आता शंभर, अडीचशे, पाचशे.

मग परतीचे नियम.
सावजी मसाला परत घ्यायचा म्हणजे काय?
रस्सा झाला, नाक वाहिलं, दोन तांबे पाणी पिऊन झालं,
आता परत काय आणशील बाप्पा, ठसका?
ती हसली नाही.
"फोडलेलं पाकीट परत नाही" एवढंच टाइप केलं.

पैशाच्या खिडकीला चार दिवस लागले.
पॅन कार्ड, रद्द केलेला चेक, दुकानाचा फोटो.
फोटोत गाय आली, तो नापास.
दुसऱ्यात मी आलो, डोळे मिटलेला, तो पास.
मग तिनं स्वतःच्याच फोनवरून
एक रुपयाची ऑर्डर दिली.
चाक फिरत राहिलं. गिऱ्हाईक येऊन गेलं, चाक फिरतच.
परवा खात्यात अठ्ठ्याण्णव पैसे.
मी वहीत मांडले. दोन पैसे कुठं गेले, विचारलं.
"रस्त्यात खर्च झाले."
तेही मांडले : प्रवास, दोन पैसे.

पहिली खरी ऑर्डर मे महिन्यात, भर दुपारी,
कूलरमधलं पाणी संपलेलं.
राउरकेला. अडीचशे ग्रॅम. देवराव निखारे.
खाली सूचनेच्या चौकटीत :
"मिल बंद पडली तेव्हा निघालो. तुमच्याकडे माझे
अडतीस रुपये बाकी आहेत.
इथं ते भरायला जागा दिसत नाही."

पोटमाळ्यावरून जुन्या वह्या काढल्या.
शिंका आल्या, झुरळं आली,
नाव सापडलं. नावावर आडवी रेघ.
माझी की बापाची, सांगता येत नाही.
"म्हणजे माफच केलं होतं न," प्रणोती म्हणाली.
"आपण केलं असंल. त्याले भरायचं आहे."

तिनं मालाच्या यादीत नवं पान उघडलं.
फोटो वहीचा. नावावर मी अंगठा ठेवला.
जुनी उधारी. किंमत अडतीस रुपये.
शिल्लक नग : एक.
घरपोच : लागू नाही.

रात्री सव्वानऊला फोन वाजला.
पान आपोआप करडं झालं : माल संपला.
"काढून टाकू?"
राहू दे, म्हटलं, खात काय ते.

आठवड्यानं तीच फोन घेऊन धावत आली.
करड्या पानाखाली एक बटण असतं म्हणे,
माल आल्यावर कळवा.
सात जणांनी दाबलं होतं.
एकाचा पिनकोड आपल्याच गल्लीचा.