बावीस अंश

ऑर्गन आला म्हणे जर्मनीहून, बोटीने.
मी वसईहून, एसी दुरुस्तीच्या व्हिसावर.
मनामाच्या या चर्चमध्ये
आम्हा दोघांना एकच ऊन बाधतं.

भात्याचं कातडं चिमटीत धरलं
तर पापडासारखं मोडलं.
आत शमालची पिवळी धूळ, बोटभर.
नवं चिकटवलं. तारांचा गुंता उपसून
तळहाताएवढा बोर्ड बसवला.
फादर लोबोंनी विचारलं, आता हा आपोआप वाजेल?
नाही फादर, आता तो
आपोआप बिघडेल.

शुक्रवारी पाच भाषांत मिस्सा.
मल्याळी मिस्साला जुळलेला सूर
कोंकणीपर्यंत चढलेला असतो.
दारं उघडतात, माणसं
अंगावर चव्वेचाळीस अंश घेऊन आत येतात.
कथलाच्या नळ्यांना कुठली भाषा?
त्यांना फक्त थर्मोस्टॅट कळतो,
आणि तो माझ्याकडे.

एक लाकडी नळी, सगळ्यांत जाड,
अजून बदलली नाही.
सूर कमी, वाराच जास्त.
तपासणीच्या कागदावर लिहितो: ठीक.

रात्री पट्टीवर वजन ठेवून
शिडीवरून कान लावतो तिला.
सेव्हरीन आत्या चुलीत फुंकणी घालायची,
जाळ धरायच्या आधी
असाच नुसता वारा.

मग कंप्रेसर सुरू होतो.
काही ऐकू येत नाही.