आठवा धडा, रात्री पावणेदहा

शेवटचा पेशंट गालात कापूस धरून गेला,
बोलता येईना म्हणून हातानंच 'येतो' म्हणाला.
खुर्ची सपाट केली, दिवा वर ढकलला.
ऑटोक्लेव्हच्या शिट्टीला अजून बरीच मिनिटं आहेत,
तेवढ्यात अर्धा धडा होतो.

कोर्स तुमच्या सवडीनं, असं त्यांनी फी घेताना सांगितलं होतं.
माझी सवड म्हणजे
इंजेक्शन दिल्यावर ओठ बधिर होईपर्यंतची चार मिनिटं,
छेडानगरच्या सिग्नलचा लाल दिवा,
आणि एकदा तर सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला
भटजी उशिरा आले तेव्हा, मोरीशेजारी, एका कानात.
असे सात धडे झाले. मधले दुवे कुठे कुठे सांडले, माहीत नाही.

पडद्यावरचे सर फार गुळगुळीत.
मागे कुंडी, कुंडीत कधीच न सुकणारं झाड.
म्हणतात, तुमची प्रॅक्टिस ही एक संस्था आहे.
मी मान वळवून संस्था पाहिली.
चेंबूर कॅम्पात दोनशे ऐंशी चौरस फूट,
हाताला रेक्झिनची चिकटपट्टी लावलेली खुर्ची,
बाकावर कुणाचातरी विसरलेला चष्मा.

स्वाध्याय: तुम्ही आठवडाभर आला नाहीत
तर काय काय थांबेल? यादी करा.

पेन घेतलं. थोडा रुबाबही घेतला.
लिहिलं: रूट कॅनाल.
लिहिलं: अक्कलदाढा.
मग बराच वेळ पेनचं टोपण चावत बसले,
रोज दहा पोरांना मी ज्यावरून रागावते, तेच.

मग उगीच, माझं नाव खोडून
वर 'तांडेलबाई' लिहिलं.
आणि हात थांबेना.

लॅबचा पोरगा मागची बाकी मिळाल्याशिवाय कॅप सोडत नाही,
पण कमी साखरेचा चहा दिला तर सोडतो.
पिंगुळकर आजोबा रक्त पातळ व्हायच्या गोळीचं सांगत नाहीत,
त्यांना विचारावं लागतं, आणि सूनबाईंसमोर नाही.
डिमेलो जावा एका दिवशी बोलवायच्या नाहीत.
कॉम्प्रेसरला नेमकी कुठे चापट मारायची.
'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणाऱ्यांत देणारा कोण.
वहीत नावापुढे लाल टिंब म्हणजे घाबरणारा,
निळं टिंब म्हणजे बोलत बसणारा, पंधरा मिनिटं जास्त धरा.
(अकरा वर्षं मला वाटलं, बाईंचं पेन गळतं.)
पत्र्याच्या कपाटाची किल्ली

इथे अडले. किल्ली कुठे असते?
खण उघडले. ट्रे उचलले. प्लॅस्टरच्या जबड्यांमागे हात घातला.
बाहेर पाटीवर माझं नाव, नावापुढे तीन पदव्या,
आणि मला माझंच कपाट उघडता येईना.

सर म्हणत होते, अधिकार सोपवायला शिका.
मी ते सोपवल्याचं आठवत नाही.
वाटेत पडलेला कुणाचा रुमाल उचलून
झटकून, घडी करून कठड्यावर ठेवावा,
तसे बाईंनी ते केव्हातरी उचलले असणार.
माझं लक्ष कुणाच्या तरी दाढेत.

फोन केला. ट्रॉम्बे कोळीवाड्यात टीव्ही चालू होता.
'किल्ली? तुमच्या डिग्रीच्या मागं.
फ्रेम सरकवा, खिळ्याला आहे. पहिल्यापासून तिथंच.'

सरकवली. होती.
खिळ्याभोवती भिंतीवर किल्लीच्या आकाराचा काळा डाग,
रोजच्या टांगण्याचा.

पगाराचं बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं.
एवढ्यात त्याच म्हणाल्या, 'डॉक्टर, शिट्टी होतेय.
दुसरी असेल ही. बटण बंद करा आधी.'

मला ती ऐकूच आली नव्हती.
पडद्यावर सर हात अर्धा वर करून थांबले होते,
खाली प्रश्न: पुढे चालू ठेवायचं?