हाडांचा काळा

मास्त्रो तिबेरियोकडं माझी उधारी थकलीय, ते आधी सांगते.
अकरा मडकी काळा. पैसे सातांचेच आले.

सफेद्यासाठी तो व्यापाऱ्यापुढं टोपी काढायचा,
निळ्यासाठी मठाकडून आगाऊ रक्कम.
काळ्यासाठी पोराला पाठवायचा, तेही अंधार पडल्यावर,
कारण माझ्या भट्टीचा वास अंगाला चिकटतो
आणि नेपल्समध्ये वासावरून माणसाची पायरी ठरते.

काळा करणं सोपं नाही, सासू म्हणायची, कार्मोसिना.
हाडं उघड्यावर जाळलीस तर पांढरी राख.
मडक्यात कोंड, तोंड मातीनं लिंप,
केसाएवढी फटसुद्धा नको.
आत काय चाललंय ते बघायचं नाही.
(तिनं एकदा बघितलं होतं.
एक भुवई परत उगवली नाही.)

त्या हिवाळ्यात हाडं मिळाली कंदिदाची.
खेचर, पण पांढरंशुभ्र, नाकावर गुलाबी ठिपका.
याच चर्चचे दगड ओढता ओढता
चढावर बसली ती उठलीच नाही.
बियाज्जोनं कातडं वेगळं विकलं,
नाल स्वतःकडं ठेवले,
हाडं मला दिली,
रडत रडत, पण मोजून.

आज चित्र टांगलं.
लाझारस थडग्यातून उठतोय.
एक तळहात उजळलेला, एक गाल, कफनीची घडी,
बाकी दोन हिस्से तरी नुसतं काळं.
पाद्री बोटानं दाखवत होता, उजेड बघा, उजेड.
बायका उजेडाकडं बघून रडल्या.
मासेवाली नुन्त्सिया तर गुडघ्यांवरच.

मी मागं खांबाला टेकून काळ्यात बघत राहिले.
दुकानदारासारखी, खोटं कशाला बोलू.
इथं पातळ फासलाय, तिथं तेल जास्त.
त्या तळहातामागं मात्र जमलाय,
दाट, बुडी मारावी असा.
तिथंच असणार ती.

येशूनं लाझारसला नावानं हाक मारली म्हणतात.
मीही मारली, ओठ मिटूनच,
बियाज्जो चढावर मारायचा तशी: ए कंदिदा, हुर्र.
काही हललं नाही.
मेणबत्त्या हलल्या, कुणीतरी दार उघडलं म्हणून.
आणि तो हात मला तेवढ्यात
कशावर तरी टेकल्यासारखा दिसला,
उठताना आधाराला
जनावराच्या पाठीवर टेकतो तसा.

पायऱ्यांवर मास्त्रोनं ओळख दाखवली नाही.
मी चार बोटं वर केली,
भर उन्हात,
नखांतला काळा त्याला दिसेल अशी.